शेतात उगवणारे इंधन

इ. स. १९०० सालची गोष्ट. पॅरिस नगरात एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. नव्या शतकाच्या स्वागतासाठी देशोदेशींच्या कारागिरांनी आपापली यंत्रे, वस्तू व कलाकृती तेथे मांडल्या होत्या. त्या गर्दीत एक लहानसे इंजिन एकसारखे चालत होते. रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने लावलेल्या शोधाचे ते फळ होते. लोक क्षणभर थांबत, पाहत आणि पुढे जात. त्या इंजिनाचे खरे नवल मात्र फार थोड्यांच्या ध्यानी आले. ते इंजिन खनिज तेलावर चालत नव्हते. ते भुईमुगाच्या दाण्यांच्या तेलावर चालत होते!

इंजिनाची घडण मुळात खनिज तेलासाठीच केलेली होती. तिच्यात कोणताही बदल न करता त्यात शेंगदाण्याचे तेल घातले, तरी ते इतके सुरळीत चालले की, बघणाऱ्याला फरक कळू नये. हा प्रयोग फ्रान्सच्या सरकारच्या इच्छेवरून झाला होता. त्या काळी आफ्रिकेत फ्रान्सच्या वसाहती होत्या आणि तेथे भुईमूग विपुल पिके. दूरवरून कोळसा किंवा तेल न आणता तेथल्या तेथेच यंत्रे चालवता आली तर किती बरे होईल, असा तो विचार होता. पुढे १९१२ साली डीझेलने या प्रयोगाचा मोठ्या आपुलकीने उल्लेख केला. वनस्पतींच्या तेलाला आज फारसे महत्त्व नसले, तरी पुढे एक दिवस ते येईल, असे त्याचे मत होते. दुसऱ्याच वर्षी एका सागरी प्रवासात तो नाहीसा झाला. खनिज तेल स्वस्त व मुबलक होते. त्यामुळे शेंगदाण्याच्या तेलाचा तो प्रयोग जग जवळजवळ विसरून गेले.

मुलांनो, आज शंभराहून अधिक वर्षांनी जगाला त्या प्रयोगाची पुन्हा आठवण का व्हावी? हे समजण्यासाठी आपण आधी इंधन म्हणजे काय, ते पाहू.

चुलीत लाकूड जळते, तेव्हा ऊब मिळते. ही ऊब लाकडात कोठून आली? ती सूर्याकडून आली. झाडाची हिरवी पाने उन्हाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून आपले अन्न तयार करतात. त्या अन्नातूनच लाकूड, फळ, बी, साखर आणि तेल निर्माण होते. म्हणजे लाकूड हे एका अर्थी साठवलेले ऊनच होय. आपण ते जाळतो, तेव्हा ते ऊन मोकळे होते आणि झाडाने हवेतून घेतलेला वायू पुन्हा हवेत मिसळतो.

दगडी कोळसा व खनिज तेल हेही साठवलेले ऊनच आहे. पण ते आजचे नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची अरण्ये व समुद्रातील सूक्ष्म जीव गाळाखाली गाडले गेले आणि उष्णता व दाब यांच्या योगाने त्यांचे कोळशात व तेलात रूपांतर झाले. अशा इंधनांना जीवाश्म इंधने म्हणतात. पृथ्वीच्या पोटातील ही जणू पूर्वजांची पुरून ठेवलेली ठेव आहे. ती आपण गेली दोनशे वर्षे सढळ हाताने उपसत आहोत. यातून दोन संकटे उभी राहतात. पहिले असे की, ठेव कितीही मोठी असली, तरी नुसती उपसत राहिल्यास ती कधी तरी सरणारच. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? दुसरे संकट अधिक निकडीचे आहे. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली कोंडलेला कार्बन आपण अल्पावधीत हवेत सोडत आहोत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की सूर्याची उष्णता पृथ्वीभोवती अधिक अडकून राहते. त्यामुळे पृथ्वी तापत चालली आहे आणि पावसाचा ताल बिघडू लागला आहे.

आपल्या देशापुढे आणखी एक अडचण आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकी दर शंभर भागांतील पंचाऐंशीहून अधिक भाग परदेशांतून विकत घ्यावा लागतो. दूरच्या एखाद्या देशात युद्ध पेटले की, आपल्या गावातील एस. टी.चा प्रवासही महाग होण्याची भीती असते.

म्हणून माणसाची दृष्टी पुन्हा शेताकडे वळली. वनस्पती, शेण व शेतातील टाकाऊ पदार्थ यांपासून जे इंधन तयार होते, त्याला जैवइंधन असे म्हणतात. आज जाळलेल्या जैवइंधनाचा वायू उद्याचे पीक पुन्हा शोषून घेते. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे, तर खनिज तेल जाळणे म्हणजे मुद्दल खर्च करणे आणि जैवइंधन जाळणे म्हणजे व्याजावर निर्वाह करणे होय.

महाराष्ट्रात या इंधनाचे दर्शन घ्यायचे असेल, तर एखाद्या साखर कारखान्यात जावे. आपल्या राज्याला या कारखान्यांची मोठी परंपरा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५० साली तो सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील हे त्या कार्याचे धुरीण होते आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले होते.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याचा रस्ता उसाने भरून जातो. बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांची रांग लागते. मोळ्या गव्हाणीत पडतात, चरकातून रस निघतो, रस आटवून साखर बनते. साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर खाली जो दाट, काळसर पाक उरतो, त्याला मळी म्हणतात. मळीतही बरीच साखर असते. परंतु तिचे दाणे सहजासहजी बांधत नाहीत. या मळीत पाणी घालून ती पातळ करतात व तिच्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव सोडतात. रात्रभर ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगून वर आलेले तुम्ही पाहिले असेल. तेही अशाच सूक्ष्म जीवांचे काम. मळीतील साखर खाऊन यीस्ट तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. एकदोन दिवसांत मळी आंबून तयार होते.

आता मद्यार्क पाण्यातून वेगळा कसा करावा? येथे निसर्गाचा एक साधा नियम उपयोगी पडतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर मद्यार्क सुमारे ७८ अंशांनाच उकळतो. म्हणून मिश्रण तापवले की मद्यार्काची वाफ आधी वर जाते. ती थंड केली की मद्यार्क हाती येतो. मात्र या रीतीने शंभरातील चारपाच भाग पाणी त्यात राहूनच जाते. पाणी असलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला, तर पाणी व पेट्रोल वेगळे होऊन इंजिन बिघडते. म्हणून तो अतिसूक्ष्म छिद्रांच्या खड्यांमधून नेतात. ती छिद्रे एवढी लहान असतात की त्यांत पाण्याचे कण अडकतात आणि शुद्ध मद्यार्क पुढे जातो. यालाच इथेनॉल म्हणतात. एक टन उसाची साखर काढून उरलेल्या मळीपासून सुमारे १० लिटर इथेनॉल मिळते. साखर न करता सगळा रसच आंबवला, तर तेच सुमारे ७० लिटरपर्यंत जाते. हे सर्व करण्यासाठी लागणारी उष्णताही उसाच्या चिपाडांपासूनच मिळते. चिपाडे जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर वीजही निर्माण करतात.

या मार्गाने सर्वांत आधी व सर्वांत मोठे पाऊल टाकले ते ब्राझील देशाने. १९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव एकाएकी भडकले. ब्राझील तेव्हा आपले बहुतेक तेल बाहेरून आणत असे. देश हवालदिल झाला. पण ऊस मात्र तेथे अमाप पिकत होता. १९७५ साली त्या सरकारने उसापासून इंधन करण्याची राष्ट्रीय योजना आखली. १९७९ साली केवळ इथेनॉलवर चालणारी मोटार तेथील बाजारात आली. आणखी काही वर्षांत तर नव्याने विकल्या जाणाऱ्या दहांपैकी नऊ मोटारी इथेनॉलच्याच असत.

परंतु दैवाचे फासे उलटे पडले. खनिज तेल पुन्हा स्वस्त झाले, साखरेचे भाव मात्र वाढले. कारखानदारांनी उसाची साखर करण्यास आरंभ केला. १९८९ च्या सुमारास पंपांवर इथेनॉल मिळेना. ज्यांनी देशाच्या हाकेला ओ देऊन इथेनॉलच्या मोटारी घेतल्या होत्या, ते रांगेत ताटकळत उभे राहिले. लोकांचा विश्वास उडाला आणि अशा मोटारींची विक्री घसरली. २००३ साली पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालेल अशी इंजिने आली, तेव्हाच ही घडी पुन्हा बसली. एकाच टोपलीत सगळी फळे ठेवू नयेत, हे ब्राझील अनुभवाने शिकला.

आपल्या देशात या कार्याचा आरंभ प्रयोगाने झाला. २००१ साली महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशातील एका ठिकाणी पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळून पाहण्यात आले. २००३ पासून काही राज्यांत शंभर भागांत ५ भाग इथेनॉल मिसळण्याचे ठरले. तरीही २०१४ पर्यंत प्रत्यक्षातील प्रमाण दीड भागाच्या आसपासच होते. नंतर कामाला वेग आला. २०२२ साली ते १० भागांवर आणि २०२५ साली २० भागांवर पोचले. उसाच्या जोडीने मका व तांदूळ यांपासूनही आता इथेनॉल काढतात. इथेनॉलमुळे परदेशी तेलावरील खर्च काहीसा वाचला व कारखान्यांना उत्पन्नाचा नवा मार्ग मिळाला. एक उणीवही लक्षात ठेवावी. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा एक लिटर इथेनॉलमध्ये असते. त्यामुळे मिश्र इंधनावर गाडी तेवढ्याच लिटरांत थोडे कमी अंतर जाते.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणालाही वाटेल की, मग सगळीकडे ऊसच का लावू नये? याचे उत्तर मिरजेच्याच रेल्वे स्थानकावर मिळते. एप्रिल २०१६ मध्ये तेथून एक आगगाडी निघाली. तिच्यात प्रवासी नव्हते, धान्य नव्हते, इंधनही नव्हते. तिच्या टाक्यांत पिण्याचे पाणी होते. लागोपाठच्या अवर्षणाने लातूर शहर तहानले होते आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून त्याला पाणी न्यावे लागत होते. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. ज्या मिरजेत इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला, तेथूनच पंधरा वर्षांनी पाण्याची गाडी निघावी, हा योगायोग खराच. पण तो आपल्याला विचार करायला लावतो.

ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो व त्याला वर्षभर पाणी लागते. ब्राझीलमधील बराचसा ऊस पावसावर वाढतो. आपल्याकडे त्याला धरणाचे, कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी द्यावे लागते. महाराष्ट्रातील लागवडीखालच्या जमिनीचा थोडाच भाग उसाखाली असतो. परंतु सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो एकटा घेतो. तहानलेल्या मराठवाड्यातही ऊस होता आणि साखर कारखानेही होते. याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. ज्वारीला किंवा तुरीला भाव काय मिळेल, याची त्याला शाश्वती नसते. उसाचा किमान भाव मात्र सरकार ठरवून देते. कर्ज काढून पेरणी करणाऱ्याने खात्रीचे पीक निवडले, तर नवल ते काय? ठिबक सिंचनाने उसाचे पाणी बरेच वाचवता येते. तथापि जेथे प्यायलाच पाणी नाही, तेथे त्याचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरा प्रश्न अन्नाचा. मका व तांदूळ हे माणसाचे व पशुपक्ष्यांचे अन्न आहे. तेच जर इंधनाकडे वळले, तर धान्याचा भाव वाढतो आणि गरिबाच्या घासाला तोशीस लागते. शेत आधी ताटासाठी की टाकीसाठी, असा हा पेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा प्रत्यय आला. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि उसाचे पीक घटण्याचा संभव होता. साखर कमी पडू नये म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने त्या हंगामापुरते निर्बंध घातले. पुढच्या वर्षी ते उठवण्यात आले.

मग यातून वाट कोणती? ती आपल्याला उकिरड्याने दाखवली आहे! जे पीक खाण्यासाठी नाही, ज्याला वेगळे शेत लागत नाही, वेगळे पाणीही लागत नाही, असे कितीतरी इंधन आपण रोज फेकून देतो.

शेणाचेच पाहा. शेण व पाणी कालवून बंद टाकीत ठेवले की हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव ते कुजवतात आणि मीथेन हा जळणारा वायू निर्माण होतो. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी यासाठी एक सुटसुटीत यंत्र तयार केले. त्यात शेणकाल्यावर एक टाकी पालथी तरंगत असते. वायू साठला की ती वर उचलली जाते व वापरला की खाली बसते. १९६२ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने अशा यंत्रांचा देशभर प्रसार केला. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या की खत नष्ट होते आणि घरातील आयाबहिणींच्या डोळ्यांत धूर जातो. गोबर वायूने मात्र चूलही पेटते आणि उरलेला काला शेताला उत्तम खत म्हणून मिळतो. एकाच शेणाचा असा दुहेरी उपयोग होतो.

उसाच्या पाचटाचीही अशीच कथा आहे. तोडणीनंतर शेतात पडलेला हा वाळका पाला बहुधा तेथेच पेटवून देतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची रीत शोधली. पुढे त्याच संस्थेने स्वयंपाकघरातील खरकटे व टाकाऊ पिष्टमय पदार्थ यांवर चालणारे घरगुती वायुयंत्रही तयार केले. या दोन्ही कामांसाठी संस्थेला २००२ व २००६ साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. हरियाणातील पानिपत येथे २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा मोठा कारखाना सुरू झाला. जो पेंढा शेतकरी जाळून टाकत आणि ज्याच्या धुराने उत्तर भारताचे आकाश काळवंडत असे, त्याच पेंढ्याचे इंधन करण्याचा हा उद्योग आहे. पेंढ्यातील साखर तंतूंमध्ये घट्ट बांधलेली असल्याने ती सोडवणे कठीण व खर्चाचे असते. म्हणून या कामी अद्याप पुष्कळ संशोधन व्हायचे आहे.

पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून त्याच्या बियांपासून डीझेल करण्याची मोठी आशा एके काळी देशाने बाळगली होती. पाणी व निगा यांवाचून त्या झुडपाने पुरेसे बी दिले नाही आणि ती आशा फोल ठरली. निसर्ग कोणालाही फुकट काही देत नाही, हाच त्यातील धडा होय.

विद्यार्थी मित्रांनो, जैवइंधन ही जादूची कांडी नव्हे. केवळ शेतांच्या बळावर जगातील सगळी वाहने चालवता येणार नाहीत. ऊन, वारा व वाहते पाणी यांपासून मिळणाऱ्या विजेची जोड तिला हवीच. परंतु विवेकाने वापरले, तर हे इंधन आपले मोठे साहाय्य करील. आपली आजी घरात भात उरला तर तो आधी भुकेल्याला देते, मग गुराला घालते आणि जे कोणाच्याच उपयोगी नाही, ते खताच्या खड्ड्यात टाकते. शेताच्या उत्पन्नालाही हाच क्रम लावला पाहिजे. आधी माणसाचा घास, मग जनावराचा चारा, मग मातीचे खत आणि या सर्वांतून जे उरेल, त्याचे इंधन. हा क्रम जो समाज पाळील, त्याचा दिवा उजळेल आणि त्याच्या घरी कोणी उपाशी किंवा तहानलेलेही राहणार नाही.

शब्दार्थ

विपुल : पुष्कळ. निकडीचे : तातडीचे. धुरीण : पुढारी. गव्हाण : कारखान्यात ऊस टाकण्याची जागा. अवर्षण : पाऊस न पडणे. शाश्वती : खात्री. तोशीस लागणे : झळ पोचणे. फोल : व्यर्थ.

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पॅरिसच्या प्रदर्शनातील इंजिन कशावर चालत होते?
(आ) मद्यार्क पाण्यापासून वेगळा करताना निसर्गाचा कोणता नियम उपयोगी पडतो?
(इ) गोवऱ्या जाळण्यापेक्षा गोबर वायू करणे चांगले का?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) ब्राझीलमधील लोकांचा इथेनॉलवरील विश्वास का उडाला?
(आ) ‘खनिज तेल जाळणे म्हणजे मुद्दल खर्च करणे’ हे विधान स्पष्ट करा.
(इ) सगळीकडे ऊस लावणे योग्य का नाही, ते मिरजेहून निघालेल्या आगगाडीच्या आधारे सांगा.

३. वाक्यांत उपयोग करा : हवालदिल होणे, ओ देणे, माथी मारणे, प्रत्यय येणे.

४. आठवडाभर आपल्या घरातून काय काय फेकले जाते, त्याची यादी करा. त्यांतील कशाचे खत व कशाचे इंधन होऊ शकेल, याची वर्गात चर्चा करा.